'आफ्रोडॉइच'ला मराठीत काय म्हणायचं?

बर्लिनमधल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीवर लेख लिहितेय, त्यात 'आफ्रोडॉइच' आणि 'श्वार्त्स' हे दोन जर्मन शब्द अडलेत. आधी 'आफ्रिकन स्थलांतरित' लिहिलं होतं पण माय आयिम ही कवयित्री जन्मली हॅम्बुर्गला, वाढली जर्मनीतच, मग ती स्थलांतरित कशी? 'हबशी' हा आपला जुना शब्द चालेल का?

– ताई, हबशी नको. हबश म्हणजे ॲबिसिनिया, त्यामुळे मलिक अंबरबद्दल इतिहासात तो शब्द येतो ते ठीक, पण मी लहानपणी तो ऐकला तो सावळ्या पोरांना चिडवतानाच. सरळ 'आफ्रो-जर्मन' लिहा. १९८४ मध्ये अमेरिकन ब्लॅक कवयित्री ऑड्री लॉर्ड बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत शिकवायला आल्या होत्या, तेव्हा तिथल्या ब्लॅक बायकांनी त्यांच्यासोबत हा शब्द घडवला. तोवर 'मिशलिंग' म्हणजे मिश्र रक्ताचे, नाहीतर परक्या सैनिकांची पोरं, अशीच नावं दुसऱ्यांनी ठेवलेली. आपण कोण हे त्यांनी स्वतः सांगितलं, आपल्याकडे 'दलित' शब्दाचं झालं तसंच.

– 'श्वार्त्स'चा गुंता वेगळा आहे. म्हणजे काळा, पण जर्मनमध्ये विशेषण लहान अक्षराने सुरू होतं आणि ही मंडळी मुद्दाम पहिलं अक्षर मोठं काढतात, म्हणजे हा कातडीचा रंग नाही, ही आमची राजकीय ओळख आहे. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही! आणि 'कृष्णवर्णीय' कितीही सभ्य वाटला तरी त्यात 'वर्ण' आहेच, ज्यातून त्यांना बाहेर पडायचंय तोच. मी 'ब्लॅक' लिहितो. १९७२ ला दलित पँथर निघाली तेव्हापासून अमेरिकेतले ब्लॅक पँथर आपल्या ओळखीचे आहेत, त्यामुळे वाचकाला ते लगेच कळतं.

– मी बर्लिनलाच राहते म्हणून लिहिते. इथे 'मोरेनश्ट्रासे' नावाचा रस्ता होता, आपल्या कानाला मोर, पण 'मोर' ही काळ्या माणसासाठीची जुनी अपमानास्पद हाक. कार्यकर्ते पाटीवरच्या 'ओ'वर दोन टिंबं चिकटवायचे की त्याचं 'गाजर रस्ता' व्हायचं. कित्येक वर्षं लढले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अखेर नाव बदललं: आंटोन विल्हेल्म आमो, आजच्या घानातून लहानपणी आणलेला मुलगा, पुढे हाले आणि येना इथे तत्त्वज्ञान शिकवणारा. पाटीवर त्याचं नाव बघून मला भरून आलं.

बर्लिनच्याच क्रॉइत्सबेर्ग भागात श्प्रे नदीवर 'माय-आयिम-उफर' नावाचा रस्ता पण आहे, २०१० पासून. त्याआधी ते नाव आफ्रिकेत गुलामांच्या व्यापाराचा किल्ला उभारणाऱ्या ग्रोबेनचं होतं.

– हे दोन्ही लेखात घेतेच, आणि 'ब्लॅक'च ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे मोठ्या अक्षराची गोष्ट सांगून. 'उफर'ला घाट म्हणू का?

– घाट नको, घाट म्हटलं की पायऱ्या डोळ्यासमोर येतात. काठ म्हणा, 'माय आयिम काठ'.