टीबीच्या एक्स-रेसाठी एआय : वापरण्याआधी आपल्या भागात पडताळणी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी वणीकडच्या कोळसा पट्ट्यात ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. पुढच्या महिन्यापासून गावातल्या शिबिरांत हातात धरायच्या एक्स-रे मशीनसोबत एआय सॉफ्टवेअर वापरायचं घाटतंय. फोटोत टीबीची शक्यता किती, याचा ० ते १ मधला आकडा येतो. ०.५ च्या (हाच कट-ऑफ) वर गेला की थुंकीची ट्रूनॅट (टीबीचे जंतू शोधणारी जनुकीय चाचणी), नाहीतर घरी.

माझा विरोध नाही. इथे रेडिओलॉजिस्ट आहेच कुठे? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये १५ वर्षांवरील लोकांसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली आहे. पण कट-ऑफ आपापल्या भागात तपासून ठरवायला सांगितलंय. नेमकं तेच इथे कोणी करत नाहीये.

चाचणीच्या दिवशी खाणीतून निवृत्त झालेल्या एका काकांना ०.९१ आला. काकूंनी पिशवीतून टीबीचं जुनं कार्ड काढलं, औषधाचा कोर्स कधीच पूर्ण झालेला. फोटोत दिसत होते ते जुने व्रण, थुंकी निगेटिव्ह. त्याच दुपारी कापूस वेचणारी एक बाई आली. आकडा ०.३८. तीन आठवड्यांचा खोकला आणि खांद्यावरून घसरणारं पोलकं पाहून मीच थुंकी पाठवली. पॉझिटिव्ह. घरात दीड वर्षाचं लेकरू आहे. तेव्हापासून मला चैन नाही.

कंपनी म्हणते, ‘९० टक्के रुग्ण पकडतो.’ कुठल्या फोटोंवर? त्यात खाणकामगार किती, सिलिकोसिसचे (खाणीतल्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे) किती? उत्तर नाही. वरचे साहेब म्हणतात, शिबिरातूनच हिशेब काढू. अहो, कट-ऑफखालच्यांची थुंकी तपासलीच नाही, तर सुटलेले कळणार कसे?

मी आकडेमोड केली. ९० टक्क्यांचा दावा दहा टक्के इकडे-तिकडे धरून तपासायला साधारण ३५ पक्के रुग्ण लागतात. शंभरात एक सापडला तरी ३५०० लोक झाले. दवाखान्यातले जुने पॉझिटिव्ह फोटो घ्यावेत तर ते बळावलेल्या आजाराचे आणि मोठ्या मशीनवरचे; त्यावर सॉफ्टवेअर हमखास हुशार ठरेल.

कट-ऑफखालच्या दर दहाव्या माणसाची थुंकी तपासली तर चालेल का? मग सुटलेल्यांचा हिशेब दहापट धरायचा का? आधी टीबी होऊन गेलेल्यांचा कट-ऑफ वेगळा ठेवावा का? गडचिरोली, मेळघाटात कोणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. सहीसाठी कागद टेबलावर आलाय, मी थांबवून धरलाय.