'विश्वकिरण' लिहावे की 'विश्वकण'?

दारव्ह्याचे गुरुजी: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी व्हॉयेजर-१ यानावर भित्तिपत्रक करीत आहे. '२५ ऑगस्ट २०१२ रोजी, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२१ पट दूर, सूर्याच्या प्रभावक्षेत्रातले वेगवान कण एकाएकी ओसरले आणि आकाशगंगेतून येणारे विश्वकिरण वाढले', असे मी लिहिले (विश्वकिरण म्हणजे इंग्रजीतले 'कॉस्मिक रे'). सहकारी बाईंनी 'किरण' खोडून 'कण' केले, कारण हे बहुतांशी प्रोटॉन आहेत, प्रकाश नव्हे. योग्य काय?

सातपुडा: बाईंचे विज्ञान बरोबर आहे, परंतु नाव बदलू नये. १९१२ साली भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस फुग्यातून पाच हजार मीटरच्या वर गेले, तेव्हा उंचीबरोबर किरणोत्सार वाढताना दिसला. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांना तो गॅमा किरणांचा प्रकार वाटला आणि 'किरण' हे नाव रूढ झाले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे अक्षांशानुसार त्यांचे प्रमाण बदलते हे आढळल्यावर ते विद्युतभारित कण ठरले. मात्र 'प्रभारित' लिहू नका. आपल्याकडे प्रभारी म्हणजे तात्पुरता कार्यभार सांभाळणारा अधिकारी.

शब्दवेडी: मग 'भारित' वाचून भारनियमन आठवणार नाही का? आमच्या गावात तोच भार सर्वांना ठाऊक आहे. पण ज्या हद्दीवर हे घडले, तिला गुरुजींनी काय म्हटले आहे?

दारव्ह्याचे गुरुजी: 'सूर्याचा धुरा'. दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, मुलांनी रोज पाहिलेला असतो.

नाशिककर: क्षमस्व, हे चुकीचे आहे. धुरा म्हणजे जू, त्यावरून नेतृत्वाची जबाबदारी. प्रमाण मराठीत 'सौरसीमा' हा स्वच्छ शब्द असताना बोलीतला शब्द विज्ञानात कशाला?

सातपुडा: आपण सांगता ती धुरा स्त्रीलिंगी आहे, 'पक्षाची धुरा सांभाळली'. आमचा धुरा पुल्लिंगी आहे, 'धुऱ्यावर तूर पेरली'. शिवाय सीमा म्हटले की नकाशावरची रेघ डोळ्यांपुढे येते, धुऱ्याला मात्र रुंदी असते आणि त्यातून पाणी झिरपते. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हॉयेजर-१ चे जुळे यान व्हॉयेजर-२ या हद्दीपलीकडे गेले, तेव्हाही आतले कण काही अंतरापर्यंत बाहेर झिरपत असल्याचे आढळले. हे 'सीमा' शब्दातून कसे कळणार?

नाशिककर: लिंग निराळे म्हणून मूळ निराळे ठरत नाही. संस्कृत 'धुर्' शब्दाला अग्रभाग हाही अर्थ आहे. शेताचे टोक त्यातूनच आले असावे.

शब्दवेडी: टोक आणि बांध एक कसे? आमच्याकडे शेताच्या चारही बाजूंना धुरा असतो.