मदत हवी आहे : फॉस्फेट घालूनही काचेत स्फटिक फक्त पृष्ठभागावरच का धरतात?

नमस्कार. मी कोल्हापुरात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी लिथियम डायसिलिकेटचे काच-सिरॅमिक (काचेत ठरवून स्फटिक वाढवून केलेला पदार्थ) करू पाहत असून स्फटिकीकरणाच्या टप्प्यावर अडलो आहे. लिथियम कार्बोनेट, सिलिका आणि (स्फटिकांना बीज मिळावे म्हणून) अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट यांचे मिश्रण मुशीत वितळवून, रस पितळी पाटावर ओतून आणि ताण घालवण्यासाठी सावकाश थंड करण्याचे अ‍ॅनीलिंग करून मिळणारी काच अगदी पारदर्शक असते. तिच्यात फॉस्फरस पेंटॉक्साइड सुमारे अर्धा मोल टक्का पडते. मात्र तिचा तुकडा भट्टीच्या पूर्ण वेगाने ८०० अंश सेल्सिअसपर्यंत नेला की तो बाहेरून पांढराशुभ्र होतो, आणि फोडल्यावर कडेने पांढरा थर व मध्ये तशीच काच आढळते. भिंगाखाली त्या थरातले स्फटिक पृष्ठभागाशी काटकोन करून आत शिरलेले दिसतात. तुकड्याच्या धाराही थोड्या गोलावतात.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणाऱ्या मामांशी बोलताना इनॉक्युलेशनचा विषय निघाला. बिडाचा रस ओतण्यापूर्वी लेडलमध्ये फेरोसिलिकॉन टाकतात, त्यामुळे ग्राफाइटला बीज मिळते आणि पातळ भागात चिल (लवकर थंड झाल्याने येणारा कडक, ठिसूळ पांढरा भाग) येत नाही. पण ओतायला उशीर झाला तर त्याचा परिणाम उतरतो. माझा रस तर बराच वेळ मुशीत राहतो. फॉस्फेटचा परिणामही असाच उतरत असेल का, आणि म्हणून प्रमाण वाढवावे का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की, १९५३ मध्ये कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० अंशांऐवजी ९०० च्या आसपास गेली आणि त्यांच्या हाती पडूनही न फुटणारी पांढरी पट्टी आली, असे वाचले आहे. तिथे जे चालले ते माझ्या काचेला का चालू नये?

प्रतिसाद :

मामांचे म्हणणे बिडापुरते बरोबर आहे, पण काचेत गाडी नेमकी उलट चालते. बिडाला बीज रसातच लागते. काचेत न्यूक्लिएटिंग एजंट (बीज पुरवणारा घटक, इथे फॉस्फेट) रसात पूर्ण विरघळलेलाच हवा, आणि त्याचे काम थंड झालेली काच पुन्हा तापवताना सुरू होते. काच-संक्रमण तापमानाच्या (जिथे कडक काच मऊ पडू लागते त्याच्या) किंचित वर, आपल्या रचनेत साधारण ४५० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात, फॉस्फेटने समृद्ध असे नॅनोमीटर आकाराचे भाग वेगळे होऊ लागतात, पुढे त्यांतून लिथियम फॉस्फेट तयार होते आणि सिलिकेटचे स्फटिक त्यांच्या आधाराने धरतात. (हा आधार स्फटिकजालांच्या जुळणीचा की भोवतालच्या काचेची घडण बदलल्याचा, यावर संशोधकांत एकमत नाही.) बीज धरण्याचा वेग या पट्ट्यात सर्वाधिक असतो, तर स्फटिक वाढण्याचा वेग त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला. आपण तो पट्टा घाईने ओलांडता, त्यामुळे आत बीजे अपुरी राहतात आणि पृष्ठभागावरील ओरखडे व धूळ यांचे आयते फावते. आत स्फटिकांचा सांगाडा नसल्यामुळेच धारा बसतात.

स्टूकी यांचा दाखला इथे लागू होत नाही, कारण त्यांची काच प्रकाशसंवेदी होती आणि तिच्यात चांदी होती. चांदीचे आयन काचेत सहज सरकतात, त्यामुळे तापमान चढत असतानाच चांदीचे कण जमून बीजांचे काम करू शकतात. फॉस्फेटला तेवढी घाई जमत नाही.

तेव्हा प्रमाणाला हात लावण्याआधी तापवण्याचा क्रम बदलावा. एकाच ओतणीचे तुकडे ४६०, ४८० आणि ५०० अंशांवर सारखाच वेळ धरून मग प्रत्येकाचे डीटीए (तापवताना नमुन्यातून उष्णता केव्हा सुटते वा शोषली जाते ते टिपणारी चाचणी) काढावे. ज्याचे स्फटिकीकरणाचे शिखर सर्वांत कमी तापमानाला सरकेल, त्यात बीजे सर्वाधिक धरली असे समजावे. सोबत बारीक व जाड पूड निरनिराळी तपासावी. बारीक पुडीत शिखर बरेच खाली येत असेल तर स्फटिकीकरण अजून पृष्ठभागावरूनच होत आहे. मूस अ‍ॅल्युमिनाची असल्यास तिचा थोडा अंश रसात उतरतो, म्हणून तुलनेचे सर्व तुकडे एकाच ओतणीतले असण्याबाबत मी आग्रही आहे.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. डीटीएसाठी नंबर लागेपर्यंत, ४८० अंशांवर धरलेला तुकडा ८०० अंशांवर नेऊन फोडून पाहिला तर काही निष्कर्ष काढता येईल का?

प्रतिसाद :

नक्कीच. न धरलेला तुकडा त्याच वेळी शेजारी ठेवावा आणि दोन्हींच्या पांढऱ्या थराची जाडी मोजावी. धरलेल्या तुकड्याचा मधला भागही पांढरा झाला असेल, तर आतमध्ये बीजे धरली आहेत.