मदत हवी आहे: कटिंगमधल्या काळ्या दगडाचा जीएसआय (भेगांवरून काढलेला खडकाच्या भक्कमपणाचा निर्देशांक) किती धरू?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला रस्त्यासाठी डोंगर कापलाय. वर जांभा आणि मुरूम, खाली काळा दगड. उताराचा हिशोब माझ्याकडे आहे. खालून शाळेची बस जाते, त्यामुळे अंदाजपंचे आकडा टाकायला हात धजत नाही.

कोअर (बोअर मारून काढलेले खडकाचे नमुने) नाहीत, म्हणून उघड्या तोंडावर भेगा मोजल्या. घनमीटरला साधारण १५. त्यावरून आरक्यूडी (खडक किती अखंड आहे याचा टक्का) = ११० − २.५ × १५ = ७२.५. पुढे जीएसआयसाठी हूक, कार्टर, डिडरिक्स या संशोधकांचं २०१३ चं सूत्र: भेगांच्या स्थितीच्या गुणांची दीडपट अधिक आरक्यूडीचा निम्मा.

अडतंय ते गुणांवर. बहुतेक भेगा किंचित खरबरीत, मिलिमीटरभरही उघड्या नाहीत, पण कडा पार कुजलेल्या. बिनियावस्कीच्या १९८९ च्या खडक-वर्गीकरणाच्या तक्त्यात याला २०. मात्र रस्त्याकडे उतरणाऱ्या एका संचात (एकाच दिशेच्या भेगांत) तीन-चार मिलिमीटर चिकणमाती भरलीय, तिथे १०. २० धरले तर जीएसआय ६६, १० धरले तर ५१. एवढ्यानं हूक-ब्राऊनमध्ये (खडकाची ताकद काढायच्या सूत्रात), डी म्हणजे सुरुंगाच्या नुकसानीचा गुणक शून्य ठेवूनही, खडकाची एकअक्षीय (एकाच दिशेनं दाबल्यावरची) ताकद सव्वादोन पटींहून जास्त बदलते! सरासरी काढू का?

शिवाय सुरुंगाच्या ताज्या भेगाही १५ मध्ये आल्यात. वर डी लावला तर तेच नुकसान दोनदा धरलं जाईल ना? आणि पावसाचं पाणी कुठे धरायचं?

प्रतिसाद:
सरासरी अजिबात नको. खडक सगळ्या दिशांनी सारखाच तुटलाय असं जीएसआय गृहीत धरतो. मातीचा संच त्यातून बाहेर काढा, बाकीच्यांना २० द्या. त्या संचाची घसरण वेगळी तपासा. त्याचा कल कटिंगच्या कोनापेक्षा कमी आणि मातीच्या घर्षणकोनापेक्षा (घर्षणावर दगड ज्या कलापर्यंत टिकतो त्यापेक्षा) जास्त असेल तर वरचा दगड सरळ रस्त्यावर येतो, मग जीएसआय ६६ असो की ८०.

सुरुंगाच्या भेगा वगळून पुन्हा मोजा. ते नुकसान डी मध्ये जातं, तेही तोंडालगतच्या पट्ट्यापुरतं. अख्ख्या डोंगराला डी लावला तर ताकद फुकट कमी दिसते. पाण्यासाठी गुण कापू नका, हिशोबात पाण्याचा दाब वेगळा धरा. तुमच्याकडचा पाऊस पाहता भेगा भरलेल्या धरूनच एकदा तपासा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. त्या संचाचा कल ४० ते ४५ अंश आहे आणि कटिंग त्याहून बरंच उभं, म्हणजे धोका तिथेच दिसतोय. भेगेतल्या मातीची शिअर टेस्ट (घसरणीला ती किती विरोध करते याची चाचणी) बेळगावात कुणी करून देतं का? नमुना ओला असतानाच पोचवायचा आहे.