धारा धनाकडून ऋणाकडे की उलटी? मुलीला काय सांगू?

दहावीची_आई:
मुलगी दहावीला, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. काल रात्री फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम (तर्जनी चुंबकीय क्षेत्राकडे, मधलं बोट धारेकडे, मग अंगठा तारेवरच्या बळाची दिशा दाखवतो) करता करता तिने हात खाली टाकला आणि विचारलं, "आई, इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात ना? मग मधलं बोट उलट्या दिशेला का धरायचं? चूक कळली तर सुधारली का नाही कुणी?" मी बी.कॉम. क्लासच्या सरांनी "परीक्षेत पुस्तकातलंच लिही" एवढंच सांगितलं. तिचं त्याने समाधान होत नाही, आणि माझंही नाही.

जुना_रेडिओ:
सुरुवात बेंजामिन फ्रँकलिनपासून. 1747 च्या सुमारास त्याने मांडलं की वीज हा एकच द्रव, जास्त झाला की धन, कमी झाला की ऋण. घासलेल्या काचेत तो वाढतो असं त्याने धरलं. प्रत्यक्षात रेशमाने काच घासली की इलेक्ट्रॉन काचेतून रेशमात जातात. पण इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये, जे. जे. थॉमसनला. तोवर दीडशे वर्षांची सूत्रं आणि नियम धनाकडून ऋणाकडे धरूनच लिहिले गेले होते. मी व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे जुने रेडिओ दुरुस्त करायचो. नळीतल्या तापलेल्या कॅथोडमधून (ऋण टोक) इलेक्ट्रॉन निघून प्लेटवर (धन टोक) जातात, सर्किटच्या नकाशावर मात्र धारा प्लेटकडून कॅथोडकडे धरायची. म्हणजे खरी दिशा इलेक्ट्रॉनचीच, पुस्तकातली नुसती मानलेली.

भोसरी_निकेल:
दादा, इतिहास बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य मला मान्य नाही. ताई, मुलीला ते तसं सांगू नका.

मी बावीस वर्षं निकेल प्लेटिंगचं, म्हणजे विजेने निकेलचा मुलामा द्यायचं छोटं युनिट चालवते. टाकीत निकेल सल्फेटचं पाणी, रेक्टिफायरच्या (एकाच दिशेने धारा देणारं यंत्र) प्लसला निकेलच्या पट्ट्या, मायनसला जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू. पट्टीतलं निकेल विरघळतं, त्याचे धन प्रभार असलेले कण, म्हणजे आयन, पाण्यातून मायनसकडे जातात आणि जॉबवर बसतात. पुस्तकातला बाण ज्या दिशेला, त्याच दिशेला धातू सरकतो. 1 अँपिअर तासभर सोडला की हिशोबाने सुमारे 1.1 ग्रॅम निकेल चढायला हवं. वजन केलं की किंचित कमी भरतं, कारण थोडी धारा हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते. त्याच टाकीत, त्याच वेळी, ऋण प्रभाराचे सल्फेट आयन उलटे प्लसकडे निघालेले असतात.

आता यातली "खरी" दिशा कुठली? धन प्रभार उजवीकडे गेला काय किंवा ऋण प्रभार डावीकडे गेला काय, हिशोबाला दोन्ही सारखेच, म्हणून त्यांची बेरीज होते. ही बेरीज म्हणजे धारा. तांब्याच्या तारेत फक्त इलेक्ट्रॉन हलतात म्हणून तिथे बाण उलटा वाटतो. बाण धन प्रभाराच्या दिशेने काढायचा एवढंच ठरलेलं आहे, त्यामुळे सुधारण्याजोगी चूक त्यात नाही.

दिशा अदलाबदल झाली तर काय होतं ते मी भोगलंय. एकदा दुरुस्तीहून आलेल्या रेक्टिफायरच्या केबली मीच उलट्या जोडल्या. वीस मिनिटांनी पितळी नळांच्या मुठी बाहेर काढल्या तर काळपट, खरखरीत. पितळेतलं तांबं आणि जस्त टाकीत उतरलं होतं. तो मळ ओढून घ्यायला मायनसला डमी पत्रा लटकवून कमी करंटवर दोन दिवस टाकी चालवली, तेव्हा पाणी साफ झालं. सगळे जॉब वाया गेले.

फ्लेमिंगचंही तेच. मधलं बोट इलेक्ट्रॉनच्या दिशेला धरायचं असेल तर हात उजवा घ्यावा लागतो. बळाची दिशा तीच येते.

दहावीची_आई:
ताई, हे घरी दाखवता येईल का तिला?

भोसरी_निकेल:
येईल. मोरचूद (कॉपर सल्फेट) काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळवा. तांब्याची उघडी तार सेलच्या प्लसला, पेन्सिलीचं शिसं मायनसला. लोखंडी खिळा घेऊ नका, त्यावर सेल न जोडताही तांबं चढतं आणि पोरीला काहीच सिद्ध होणार नाही. मोरचूद विषारी आहे, तो ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नको, हात धुवायला लावा. शिसं लाल झालं की तारा अदलाबदल करायला सांगा.

दहावीची_आई:
रविवारी केलं. दोन सेल लावले. शिशावर तांबूस थर आला, मग तारा बदलल्या तर तो हळूहळू उतरून शिसं पुन्हा काळं झालं. तिने स्वतःहून दोन्ही हात पुढे केले, डाव्याने पुस्तकातला बाण आणि उजव्याने इलेक्ट्रॉनचा, आणि दोन्ही अंगठे एकाच बाजूला आले का ते मला तपासायला लावलं. आले.