‘चार्ज’ : भार, बोजा, आरोप की आकार?

‘चार्ज’ला मराठीत नेमका शब्द कोणता, हे भाषांतर करणारे वारंवार विचारतात. एकच शब्द शोधत बसलो तर तो सापडणार नाही. वाक्यात कोणी कोणावर काय लादले आहे, ते आधी पाहावे. मराठी शब्द मग बहुतेक वेळा आपसूक सुचतो.

याचे कारण शब्दाच्या मुळात आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे चाकांची गाडी आणि उत्तरकालीन लॅटिनमधले ‘कारिकारे’ म्हणजे गाडीत माल भरणे. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे ‘चार्ज’ इंग्रजीत आला. जहाजातला ‘कार्गो’ स्पॅनिशमधून आलेला, पण घराणे हेच. ‘कॅरिकेचर’ही त्यातलेच, म्हणजे एखाद्या वैशिष्ट्यावर प्रमाणाबाहेर भर टाकून काढलेले चित्र. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर ‘चार्जर’मध्ये घालून मागितले आहे. मोठे ताट असा तिथे अर्थ; मराठी बायबलमध्ये त्या जागी ‘तबक’ आहे आणि ते अगदी चपखल बसते.

बंदुकीत दारू ठासणे हेही चार्ज करणेच. विजेच्या परिभाषेवर या अर्थाची छाप स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या मध्यावर बेंजामिन फ्रँकलिन लेडन बरण्यांवर प्रयोग करत होता. वीज साठवणाऱ्या या काचेच्या बरण्या एकमेकींना जोडून केलेल्या संचाला त्याने ‘बॅटरी’ म्हटले. तोवर बॅटरी म्हणजे ओळीने मांडलेल्या तोफा. बरणीत वीज भरली की ती चार्ज झाली, आणि साठलेली वीज एकदम सुटली की डिस्चार्ज, म्हणजे बारच उडाला. ‘बॅटरी चार्जला लाव’ म्हणताना तोफखान्यातले दोन शब्द आपण सहज बोलून जातो. इथे मराठी प्रतिशब्दाचा हट्ट मी धरणार नाही, ‘चार्जला लावणे’ हा आता मराठीच प्रयोग आहे. हल्ल्याचा अर्थही सैन्यातलाच. ‘चार्ज बायोनेट्स’ या हुकुमाचा अर्थ संगिनी रोखा, असा. ‘लाठीचार्ज’ला मात्र ‘लाठीमार’ असताना चार्ज कशाला?

मला सर्वात विलक्षण वाटते ते कायद्यातले साम्य. गुन्ह्याचा चार्ज म्हणजे आरोप. ‘आरोप’ शब्द संस्कृत ‘रुह्’ धातूच्या प्रयोजक रूपातून येतो, वर चढवणे किंवा ठेवणे या अर्थाने. इंग्रजीने माणसावर ओझे लादले, संस्कृतने त्याच्यावर काहीतरी चढवले. कल्पना एकच! म्हणूनच ‘आरोपपत्र’ हा शब्द नुसता सोयीचा नाही, तो आतूनही बरोबर आहे. त्याहून सरस उदाहरण सातबाऱ्यावर सापडते. कर्ज काढून जमीन तारण दिली की इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा ‘बोजा’ चढतो, आणि कर्ज फिटले की तो उतरवून घ्यावा लागतो. कायद्याच्या इंग्रजीत याला ‘चार्ज’ म्हणतात. दोन्हीकडे ओझेच आहे. चढणे-उतरणे ही क्रियापदे तेवढी मराठीची स्वतःची भर.

विज्ञानात मात्र सावध राहावे लागते. पूर्वी ‘विद्युतभार’ सर्रास लिहीत, अजूनही लिहितात. पण ‘भार’ हा शब्द वजनासाठी चालतोच, शिवाय विजेच्या व्यवहारात तो ‘लोड’साठी पक्का बसला आहे. ‘भारनियमन’ आणि ‘मंजूर भार’ यांत चार्जचा संबंध नाही. त्यामुळे ‘प्रभार’, ‘धनप्रभारित कण’ हेच लिहावे. वीजबिलात तर दोन्ही शेजारीशेजारी दिसतात. ‘मंजूर भार’ म्हणजे लोड, ‘स्थिर आकार’ म्हणजे चार्ज. पैशाच्या अर्थी हा ‘आकार’ फार चांगला शब्द आहे. सगळीकडे ‘शुल्क’ चिकटवण्याआधी त्याची आठवण ठेवावी.

अधिकाराच्या अर्थी ‘कार्यभार’, ‘पदभार’ रुळलेलेच आहेत. खरा फसवा भाग पुढे आहे. ‘इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मुलाला सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो. मध्ये एक ‘द’ आला आणि ‘इन द चार्ज ऑफ द नर्स’ झाले, की माणूस उलट्या बाजूला जातो, आता तो परिचारिकेच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे. आणि ‘द नर्स अँड हर चार्जेस’ असे दिसले तर ‘परिचारिका आणि तिचे शुल्क’ असे लिहू नये. ते तिच्यावर सोपवलेले रुग्ण किंवा मुले असतात.

‘डिस्चार्ज’मध्येही असाच चकवा आहे. रुग्णाला घरी सोडतात, जखमेतून स्राव येतो, धरणातून विसर्ग होतो, आणि या सगळ्यांत भरलेले बाहेर जाते एवढे समान. पण ‘टू डिस्चार्ज अ ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य पार पाडणे, तर ‘टू बी डिस्चार्ज्ड फ्रॉम ड्यूटी’ म्हणजे त्यातून मोकळे केले जाणे. पहिल्यात माणूस काम पुरे करून ओझे उतरवतो, दुसऱ्यात काम झालेले असो वा नसो, ओझे दुसरा कोणी उतरवतो. सेवापुस्तकातल्या नोंदीचे भाषांतर करताना हे ‘फ्रॉम’ नजरेतून सुटले, तर कामावरून काढलेला माणूस कागदावर चोख काम केलेला दिसेल.