मदत हवी आहे: शक्ती-तुऱ्याच्या जुन्या कॅसेटींना बुरशी

आमचे मामा लालबागला राहतात, शक्ती-तुऱ्यातले (कोकणातला दोन पक्षांमधला सवाल-जवाबाच्या गाण्यांचा सामना) तुरेवाले शाहीर. सवाल-जवाबाची गाणी त्यांना कुठून सुचायची, हे त्यांच्याकडून लिहून घेतोय. गिरणीतली पाळी, चाळीतलं भांडण, पेपरातली बातमी, काहीही चालायचं म्हणतात. पण चाली विसरलेत, वह्या २००५ च्या पुरात गेल्या. उरल्यात फक्त १४ कॅसेटी, बारीतच (सामना रंगात असतानाच) समोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या.

पाच कॅसेटींत फितीच्या कडेला पांढरी बुरशी आहे. दोन कॅसेटींत फीत दाबून धरणारी स्पंजची गादी सुटलीय. एक चांगली दिसणारी जुन्या डेकवर लावली, आधी हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) स्पिरिटने पुसून. ढोलकी ऐकू येते, शब्द मात्र गढूळ. दहा मिनिटांत डेक करकरू लागला, म्हणून थांबवलं. बुरशीवाल्यांना हात लावलेला नाही. (हेअर ड्रायर मारा, असं कृपया सांगू नका.)

दोन स्टुडिओंत विचारलं. दोघांनीही बुरशीवाल्या घ्यायला नकार दिला. कुरियरने पाठवायच्या नाहीत, मामा डोळ्यांआड होऊ देणार नाहीत. गणपतीला ते गावी जातात, त्याआधी काम व्हायला हवं. कव्हरं स्क्रूची आहेत, म्हणजे उघडता येतील. पैसे देऊ, पण स्टुडिओच्या तासाच्या दराने नाही परवडणार.

मुंबईत दादर ते ठाणे पट्ट्यात समोर बसून फीत साफ करून देणारं कुणी आहे का? आणि गढूळ आवाज हेडचा कोन जुळवून सुधारेल, की फीतच गेली समजायचं?